टॅकोमीटरच्या तीन तारा आणि एक आकडा

जुन्या मोटारबोटीच्या डॅशबोर्डवरची मीटर बंद पडली तरी बोट चालतच राहते, त्यामुळे ती दुरुस्त करण्याचे काम मागे पडत जाते. इंधन किती उरले आहे हे टाकीत पट्टी बुडवून पाहता येते आणि बॅटरी उतरली आहे की नाही हे किल्ली फिरवताच कळते. इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे, हे कळायला मात्र टॅकोमीटरइतका भरवशाचा दुसरा मार्ग चालत्या बोटीत नाही. कान कितीही सरावलेला असला तरी वारा, लाटा, इंजिनाचे झाकण आणि बोटीतली माणसे यांमुळे आवाज बदलत राहतो. ५२०० आणि ५८०० फेऱ्यांमधला फरक निव्वळ ऐकून खात्रीने सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने तर याच फरकाला महत्त्व असते.

टॅकोमीटर जोडणे हे काम वरवर पाहता अगदी सोपे आहे. मीटरच्या मागे तीन टर्मिनल असतात: एकाला किल्लीमागून येणारा पुरवठा, दुसऱ्याला अर्थ आणि तिसऱ्याला इंजिनाकडून येणारा सिग्नल. दिव्याची तार धरली तर चार. या तारा जोडल्या आणि काटा हलू लागला की काम झाले असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते खरे काम तिथून पुढे सुरू होते, कारण हलणारा काटा बरोबरच आकडा दाखवतो आहे याची खात्री त्या हलण्यातून होत नाही. मुळीच न चालणाऱ्या मीटरपेक्षा चुकीचा आकडा दाखवणारा मीटर जास्त नुकसान करतो, कारण त्याच्या भरवशावर आपण थ्रॉटल धरतो आणि पंखाही (प्रोपेलर) निवडतो.

त्यासाठी मीटर नेमके काय करतो हे आधी समजून घ्यावे लागते. विजेवर चालणारा टॅकोमीटर फेरे मोजत नाही, तो पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजतो. इंजिनाकडून ठरावीक काळात किती पल्स आले ते मोजायचे, एका फेऱ्याला किती पल्स येतात त्या आकड्याने भागायचे आणि त्या प्रमाणात काटा सरकवायचा, एवढेच त्याचे काम. भागण्याचा तो आकडा आपण मीटरच्या मागच्या निवड-स्विचने त्याला सांगतो. तो आकडा इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून असतो, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने वाटणारा भाग) आणि ठिणगीसाठी एकच इग्निशन कॉइल असलेल्या चार-स्ट्रोक इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनात सिग्नल कॉइलच्या ऋण टर्मिनलवरून घेतात. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी पडते, म्हणून एका फेऱ्यातले पल्स सिलिंडरांच्या संख्येच्या निम्मे असतात: चार सिलिंडरला २, सहाला ३, आठला ४. हा हिशेब सरळ आहे आणि मीटरवरही सहसा ४, ६, ८ असे सिलिंडरांचेच आकडे छापलेले असतात.

आऊटबोर्डचे, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचे, तसे नाही. तिथे सिग्नल ठिणगीकडून न घेता बॅटरी चार्ज करणाऱ्या स्टेटरकडून घेतात. फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) आत चुंबक बसवलेले असतात, ते स्थिर कॉइलींभोवती फिरतात आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्यावर्ती विजेची आवर्तने मीटर मोजतो. फ्लायव्हील क्रँकशाफ्टवरच बसलेले असल्यामुळे इंजिन दोन-स्ट्रोक आहे की चार-स्ट्रोक, त्याला सिलिंडर किती, या गोष्टींना इथे काहीच अर्थ उरत नाही. चुंबकाचे पोल (ध्रुव) किती एवढेच पाहावे लागते, आणि एका फेऱ्यातले पल्स पोलच्या निम्मे असतात. बारा पोलच्या इंजिनाला ६ पल्स, दहा पोलच्या इंजिनाला ५. त्यात मीटर बनवणाऱ्यांनी आणखी एक अडचण करून ठेवली आहे: काही मीटरवर ‘६ पी’ म्हणजे सहा पल्स, तर काहींवर पी या अक्षरामागे पोलची संख्या असते आणि त्याच इंजिनासाठी ‘१२ पी’ निवडावे लागते. म्हणून स्विच फिरवण्यापूर्वी मीटरबरोबरचे माहितीपत्रक वाचलेच पाहिजे. ते हरवले असेल तर पुढे सांगितलेल्या रीतीने प्रत्यक्ष मोजून ठरवावे.

या आकड्यात चूक झाली तर काय होते ते एका उदाहरणाने पाहू. चूक मोठी असेल, म्हणजे काटा दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवत असेल, तर ती लगेच लक्षात येते आणि तिच्यापासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो पटण्याजोग्या चुकीत. इंजिन दहा पोलचे आहे आणि मीटर बारा पोलवर लावला आहे असे समजा. इंजिन प्रत्यक्षात ६००० फेरे घेत असताना काटा ५००० वर थांबेल. अनेक आऊटबोर्डांसाठी थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरचा निर्मात्याने ठरवलेला टप्पा ५००० ते ६००० असतो. त्यामुळे मालकाला वाटते की इंजिन टप्प्याच्या खालच्या टोकाशी आहे, पंखा जड पडतो आहे. तो कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे ढकलणारा, पंखा बसवतो. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, म्हणून दोन इंचांनी हलका पंखा लावल्यावर काटा ५३०० च्या आसपास दिसतो आणि मालकाचे समाधान होते. इंजिन मात्र तेव्हा ६३०० च्या पुढे गेलेले असते. उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. सहा पल्सचे इंजिन पाच पल्सवर लावले तर काटा वास्तवापेक्षा जास्त दाखवतो, मालक पंखा जड करतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर पूर्ण भार ओढत राहते, ज्यात पिस्टन आणि बेअरिंगवर अवाजवी ताण येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे कॉइलचा मार्ग तिथे बंद असतो. जुन्या डिझेलवर बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून सिग्नल घेतलेला आढळतो. इथे पोलच्या जोडीला पुलींचे प्रमाणही मोजावे लागते: क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची ७५ मिलिमीटरची असेल तर अल्टरनेटर दुप्पट वेगाने फिरतो, आणि तो बारा पोलचा असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्याला १२ पल्स मिळतात. हे प्रमाण क्वचितच असे सोयीचे निघते, म्हणून डिझेलसाठीच्या मीटरला मागे एक बारीक स्क्रू असतो आणि त्याने काटा हवा तिथे आणता येतो. बेल्ट घसरत असेल तर मात्र हे सारे जुळवणे वाया जाते. यापेक्षा नेमकी पद्धत म्हणजे फ्लायव्हीलच्या दातांसमोर बसवलेला चुंबकीय सेन्सर. दात १२० असतील तर एका फेऱ्याला १२० पल्स, आणि त्यात घसरायला काही नाही. ज्यांना डिझेल बोटीत नवीनच मीटर बसवायचा आहे आणि फ्लायव्हीलच्या घरात सेन्सरसाठी आटे पाडलेले भोक आधीपासून आहे, त्यांनी दुसरा विचार करू नये. केबलवर चालणाऱ्या यांत्रिक टॅकोमीटरबद्दल इथे एवढेच सांगतो की त्याला कोणत्याही तारेची गरज नसते, आणि त्याची केबल तुटून नवी मिळेनाशी झाली की मगच विजेवरच्या मीटरकडे वळावे.

आता तारांकडे येऊ. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. पेट्रोलची इनबोर्ड बोट असेल तर इंजिनकक्षाचे झाकण उघडून आणि आधी ब्लोअर (कक्षातली हवा बाहेर फेकणारे यंत्र) चालवून पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ द्यावी. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते आणि वरून वास आला नाही म्हणजे ती नाहीच असे समजता येत नाही. पुढे चाचणीसाठी बॅटरी पुन्हा जोडतानाही हीच काळजी घ्यावी.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या रंगसंकेतानुसार किल्लीमागून मीटरांकडे जाणारा पुरवठा जांभळ्या तारेतून येतो, टॅकोमीटरचा सिग्नल राखाडी तारेतून, मीटरांच्या दिव्यांचा पुरवठा गडद निळ्या तारेतून आणि ऋण बाजू काळ्या किंवा पिवळ्या तारेतून जाते. जगभरच्या पुष्कळ बोटींवर हे रंग दिसतात, तरी जुन्या बोटीत रंगावर विसंबून काहीही जोडू नये. एक कारण असे की तिच्यावर आजवर अनेकांनी हात चालवलेला असतो आणि ज्याच्याजवळ जी तार होती ती त्याने वापरलेली असते. दुसरे कारण जास्त गंभीर आहे: पिवळी तार रंगसंकेतात ऋण बाजूची असली तरी अनेक आऊटबोर्डांवर स्टेटरमधून निघणाऱ्या प्रत्यावर्ती विजेच्या तारा पिवळ्याच असतात. अशी तार अर्थ समजून जोडली तर चार्जिंग बिघडते आणि स्टेटर तापतो. म्हणून प्रत्येक तारेची दोन्ही टोके मल्टीमीटरने कंटिन्युइटी (दोन टोकांमधली अखंड जोडणी) पाहून निश्चित करावीत आणि त्यावर तिथल्या तिथे चिठ्ठी लावावी.

पुरवठा तपासताना नुसत्या मल्टीमीटरवर थांबू नये. जुन्या तारेतले बहुतेक धागे काळे पडून तुटलेले असले आणि एखादाच धागा शाबूत असला, तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही. जांभळ्या तारेच्या टोकाला बारा व्होल्टचा एक बल्ब लावावा आणि तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ आणि डॅशबोर्डवर बल्बसह १२.३ असेल तर तार चांगली आहे. व्होल्टभर किंवा त्याहून अधिक घट दिसली तर ती तार, तिच्यावरचा फ्यूज, किल्लीचा स्विच आणि इंजिनाजवळचा गोल पिनांचा मोठा प्लग हे सारे एकेक करून पाहावे. बहुतेक वेळा दोष त्या प्लगमध्येच सापडतो. पिना हिरव्या झालेल्या असतात आणि रबराच्या आत ओल धरलेली असते.

अर्थची तारही अशाच रीतीने, बल्ब लावूनच तपासावी. जुन्या डॅशबोर्डवर सगळ्या मीटरांचे अर्थ एका तारेने या मीटरवरून त्या मीटरवर असे ओवत नेलेले असतात; मधला एक जोड सैल झाला की पुढची सगळी मीटर खोटे बोलू लागतात. दिवे लावल्याबरोबर इंधनाचा काटा सरकत असेल तर हेच घडते आहे असे समजावे. माझा आग्रह असा की टॅकोमीटर बसवण्याच्या निमित्ताने डॅशबोर्डमागे पितळेची एक छोटी बसबार (अनेक तारा एकत्र जोडण्याची पट्टी) बसवावी, तिथून प्रत्येक मीटरला स्वतंत्र काळी तार द्यावी आणि बसबारपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक चांगली जाड तार न्यावी. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पुढच्या अनेक तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

तिसरी, म्हणजे सिग्नलची तार सर्वांत दुर्लक्षित असते, आणि कॉइलवरून सिग्नल घेणाऱ्या इंजिनात तिच्याकडेच सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बंद असताना कॉइलचे ऋण टर्मिनल अर्थला जोडलेले असते; पॉइंट उघडताच हा संबंध तुटतो आणि ठिणगी पडते. टॅकोमीटरची राखाडी तार याच टर्मिनलवर असते. ती वाटेत कुठे इंजिनाच्या लोखंडावर घासून सोलवटली आणि अर्थला टेकली, तर कॉइलच्या दृष्टीने पॉइंट कायमचे बंद झाल्यासारखे होते. ठिणगी थांबते आणि चालते इंजिन एकदम बंद पडते. मग प्लग बदलले जातात, पॉइंट घासले जातात, पेट्रोलचा फिल्टर उघडला जातो, पण मीटरच्या तारेकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशा इंजिनात कॉइलजवळ, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी, या तारेला आवरण असलेला एक सुटा करता येणारा जोड अवश्य ठेवावा. इंजिन अचानक बंद पडले आणि सुरू होईना, तर तो जोड ओढून पुन्हा किल्ली फिरवून पाहणे ही काही क्षणांची तपासणी आहे. याच टर्मिनलवर पॉइंट उघडताना काही शे व्होल्टचे क्षणिक झटके येतात, तेव्हा चालू इंजिनात तिथे उघडा हात लावू नये आणि मल्टीमीटरही निदान ६०० व्होल्टचा असावा. इग्निशन कपॅसिटर डिस्चार्ज प्रकारचे, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेतून ठिणगी देणारे, असेल तर कॉइलला हात न लावता, इग्निशनच्या डब्यावर टॅकोमीटरसाठी दिलेल्या टर्मिनलवरूनच सिग्नल घ्यावा.

सिग्नलची तार स्पार्क प्लगच्या जाड तारांपासून दूर न्यावी, दर वीतभर अंतरावर क्लिपने बांधावी आणि पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट घालावे. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बारीक धाग्यांचीच हवी. १६ गेज, म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर, पुरते. टोकांना गोल लग क्रिंप करून त्यावर गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. फक्त डाख देऊन जोड करू नये, कारण डाख जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते. पुरवठ्याच्या तारेवर स्वतंत्र छोटा फ्यूज असावा.

आता मीटर तपासणे. हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला येणारे पल्स, मोजणारा मल्टीमीटर हे यासाठीचे उत्तम साधन आहे. इंजिन चालू करून तो सिग्नलच्या तारेवर आणि अर्थवर लावावा. हर्ट्झला ६० ने गुणून एका फेऱ्यातल्या पल्सने भागले की आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मिळतो. बारा पोलच्या आऊटबोर्डवर हर्ट्झची दहापट म्हणजे आरपीएम: ७० हर्ट्झ म्हणजे ७०० फेरे. आठ सिलिंडरच्या इनबोर्डवर पंधरापट, चार सिलिंडरच्या इनबोर्डवर तीसपट. पोल किती हेच माहीत नसेल तर फ्लायव्हीलवर किंवा क्रँकच्या पुलीवर परावर्तक पट्टीचा तुकडा चिकटवून प्रकाशाच्या किरणाने मोजणारा हातातला टॅकोमीटर त्यावर धरावा. तो देतो ते खरे फेरे. हर्ट्झला ६० ने गुणून या खऱ्या फेऱ्यांनी भागले की पल्सचा आकडा हाती येतो. समजा खरे फेरे ९०० आहेत आणि ७५ हर्ट्झ येत आहेत, तर पल्स ५, म्हणजे इंजिन दहा पोलचे. ही पडताळणी फक्त आयडलवर (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) करून थांबू नये. २००० आणि ३००० वरही करावी, कारण मीटरचा काटा खालच्या भागात बरोबर आणि वरच्या भागात भरकटलेला असू शकतो. आऊटबोर्डला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पुरवठा नीट असल्याशिवाय, आणि फ्लायव्हीलजवळ सैल कपडे घालून, हे करू नये.

जुनाच मीटर परत बसवला असेल आणि काटा थरथरत किंवा उड्या मारत असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी मागचा निवड-स्विच पुरवठा बंद असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवून परत मूळ जागी आणावा. एकाच जागी वर्षे काढलेल्या त्या संपर्कांवर थर चढलेला असतो आणि फिरवण्याने तो घासून निघतो. काही मीटरवर हा स्विच स्क्रूड्रायव्हरने आत दाबून मगच फिरतो. न दाबता जोर लावला तर तो तुटतो.

डिझेल बोटीत इंजिन सुरू झाल्यावर काटा शून्यावरच बसून राहतो आणि एकदा थ्रॉटल वाढवला की चालू होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिथे मीटर आणि त्याच्या तारा निर्दोष असतात. अल्टरनेटरला सुरुवातीचे चुंबकत्व देणारा करंट डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून येतो. तो दिवा जळालेला असला तर अल्टरनेटर पुरेसा वेग आल्याशिवाय जागा होत नाही आणि तोवर सिग्नलही नसतो. दिवा बदलला की काटा पहिल्या क्षणापासून चालतो.

आऊटबोर्डवर तर टॅकोमीटर बंद पडणे ही अनेकदा चार्जिंग बंद पडल्याची पहिली खूण असते, कारण दोन्ही गोष्टी एकाच स्टेटरवर आणि रेक्टिफायरवर (प्रत्यावर्ती वीज बॅटरीसाठी एकदिश करणाऱ्या भागावर) चालतात. काटा शून्यावर आला तर मीटर उघडण्यापूर्वी इंजिन चालू असताना बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल आणि थ्रॉटल वाढवूनही १३.५ ते १४.५ च्या टप्प्यात जात नसेल, तर दोष रेक्टिफायरकडे किंवा स्टेटरकडे शोधावा. रेक्टिफायर जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीशी संबंध तुटणे: कोणी मेन स्विच फिरवतो, किंवा त्या स्विचचे आतले संपर्क झिजलेले असतात, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरचा नट हाताने घट्ट केलेला असतो आणि लाटांच्या हादऱ्याने सैल होतो. नवा रेक्टिफायर बसवण्यापूर्वी मेन स्विच बल्ब लावून तपासावा आणि टर्मिनलचा नट पान्याने आवळावा. हे केले नाही तर नवाही त्याच कारणाने जळेल.